सर्व्हिस की नवं मशीन? चार स्वस्त ऑटोमॅटिक घड्याळांच्या नोंदी

२ फेब्रुवारी

ट्रेमध्ये चार घड्याळं जमली आहेत, चारही स्वस्त ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीनं चावी भरून घेणारी. मामांचं सेइको ५, आत ७एस२६ (हे आतल्या यंत्राचं, म्हणजे मशीनचं, नाव). एक मियोटा ८२१५ वालं. एक डायव्हर धाटणीचं, एनएच३५ वर चालणारं. चौथं बिननावाचं, आत २८१३ म्हणून विकलं जाणारं मशीन. रचना सरळसरळ मियोटाच्या ८२०० घराण्यावरून उचललेली.

प्रत्येकाबद्दल एकच ठरवायचंय: खोलून, धुऊन, तेल घालून पुन्हा जुळवायचं, की नवं मशीन टाकून मोकळं व्हायचं. पैशाच्या बाजूनं पाहिलं तर वाद संपल्यातच जमा आहे. मजुरी मशीनची किंमत बघून लागत नाही, वेळ बघून लागते, आणि स्वस्त मशीन खोलायला महागड्याइतकाच वेळ जातो. त्यामुळे नवं एनएच३५ एका पूर्ण सर्व्हिसच्या मजुरीपेक्षा कमीत येतं. दुकानात काम टाकणाऱ्याला कारागीर म्हणतो, बदलून टाका, आणि तो काही खोटं बोलत नाही.

पण स्वतःच्या टेबलावर हा हिशेब फारसा कामाचा नाही. म्हणून किंमत शेवटी बघायची. आधी बिघाड कशाचा ते शोधायचं. घाण आणि सुकलेलं तेल असेल तर सर्व्हिस, धातू झिजला असेल तर बदल.

३ फेब्रुवारी

टाइमग्राफर (घड्याळाचे ठोके ऐकून मोजमाप देणारं यंत्र) काढला. आधी त्यात लिफ्ट अँगल भरला, म्हणजे झोका मोजायला लागणारा, मशीनगणिक ठरलेला कोन: ७एस२६ आणि एनएच३५ ला ५३ अंश, मियोटाला ४९. २८१३ ला रचना तीच म्हणून ४९ च धरला. हा आकडा चुकला तर दिवसाचा फरक बरोबर येतो, पण अँप्लिट्यूड (बॅलन्स व्हील, म्हणजे ठोक्यांसाठी मागेपुढे झुलणारं चाक, किती अंश झुलतं तो आकडा) खोटा दिसतो. आणि मला दिवसाच्या फरकापेक्षा अँप्लिट्यूडच जास्त हवा आहे. चारही मशिनं ताशी २१,६०० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला सहा.

दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, यावरून घड्याळ आजारी आहे की नाही ते ठरवता येत नाही. एनएच३५ आणि मियोटा ८२१५ ला बनवणाऱ्यांनीच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची मुभा ठेवलेली आहे. तीस सेकंद पुढे जाणारं घड्याळ कागदोपत्री ठणठणीत असतं. बॅलन्स व्हील किती मोठा झोका घेतं ते खरं बोलतं. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून २७० अंशांच्या आसपास झोका मिळाला तर उत्तम. या स्वस्त मशिनांत २४०-२५० लाही मी समाधानी असतो. २०० च्या खाली गेलं की आत काहीतरी अडतंय.

७एस२६ ला हातानं चावी देता येत नाही, नुसतं हलवून ती पूर्ण भरली का याची खात्री होत नाही. म्हणून बॅक कव्हर काढून रॅचेट व्हीलचा (चावी भरणाऱ्या चाकाचा) स्क्रू फिरवून भरली. मग मोजलं: डायल वर असताना अधिक १४ सेकंद, अँप्लिट्यूड १८८, बीट एरर (टिक आणि टॉक यांच्यातल्या वेळेचा फरक) १.१ मिलिसेकंद. क्राउन (बाजूची घुंडी) खाली धरल्यावर अँप्लिट्यूड १५१. वेळ बरी दाखवतंय, पण धापा टाकत.

मियोटा: अधिक ९५ सेकंद, अँप्लिट्यूड मात्र २६८.

एनएच३५: अधिक ६, अँप्लिट्यूड २५९. तक्रार अशी की दिवसभर घालूनही सकाळी बंद पडलेलं असतं.

२८१३: अँप्लिट्यूड एका जागी ठरतच नाही. १३० ते १९० मध्ये उड्या.

४ फेब्रुवारी

मियोटाचं प्रकरण उघडण्याआधीच मिटलं. झोका चांगला आणि घड्याळ दीड मिनिट पुढे, ही जोडी दिसली की पहिला संशय चुंबकाचा. हेअरस्प्रिंगची (बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी एकमेकांना चिकटली की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि ठोके वेगानं पडतात. होकायंत्र जवळ नेलं, सुई हलली. डीमॅग्नेटायझरवर धरून बटण दाबलं आणि घड्याळ हळूहळू दूर नेत मग बटण सोडलं. आता अधिक ११. (बटण घड्याळ जवळ असतानाच सोडलं तर उलट ते पुन्हा चुंबकीय होऊ शकतं.)

याच घड्याळाची दुसरी तक्रार होती की सेकंद काटा मध्येच अडखळतो, कधी थबकून पुढे उडी मारतो. तो बिघाड नाही. ८२१५ मध्ये मधला सेकंद काटा मुख्य गाडीच्या (दातेरी चाकांच्या साखळीच्या) रांगेत बसत नाही. बाजूनं दात देऊन फिरवलेला असतो आणि एक बारीक स्प्रिंग त्याच्यावर दाब ठेवते. मनगटाला झटका बसला की तो थरथरतो. रोटर (हालचालीनं फिरून चावी भरणारं वजन) एकाच दिशेनं चावी भरतो, दुसऱ्या दिशेला मोकळा गरगरतो, तो आवाजही तसाच स्वाभाविक. या दोन गोष्टींपायी किती चांगली मशिनं बदलली जात असतील!

५ फेब्रुवारी

एनएच३५. क्राउन फिरवून पूर्ण चावी भरली (सेइकोच्या ४आर घराण्याच्या माहितीपुस्तकात जास्तीत जास्त ५५ फेरे सांगितले आहेत, हे मशीन त्याच जातीचं) आणि टेबलावर सोडून दिलं.

७ फेब्रुवारी

४१ तासांचा राखीव साठा सांगितलाय, त्याहून थोडं जास्तच चाललं. म्हणजे मेनस्प्रिंग (शक्ती साठवणारी स्प्रिंग), गाडी, एस्केपमेंट (ती शक्ती ठोक्याठोक्यानं सोडणारा भाग) सगळं ठीक. बिघाड चावी भरणाऱ्या भागातच आहे. पूर्ण सर्व्हिस नको, नवं मशीन तर नकोच.

बॅक कव्हर काढलं तर आतल्या बाजूला राखाडी कमानीसारखा ओरखडा. रोटरचा मधला स्क्रू सैल होऊन रोटर कव्हरला घासत होता. तो काढला, खालचा मॅजिक लिव्हर पाहिला. सेइकोनं १९५९ मध्ये आणलेली ही युक्ती मला अजूनही थक्क करते: रोटरनं फिरणाऱ्या चाकावर केंद्रापासून जरा सरकवलेली एक खुंटी, तिच्यात अडकवलेला दोन नख्यांचा लिव्हर. खुंटी पुढे गेली की एक नखी दातेरी चाक ढकलते, मागे आली की दुसरी ओढते. रोटर कुठल्याही बाजूला फिरो, चावी भरतेच. भाग मोजकेच, दिशा उलटवणाऱ्या रिव्हर्सर चाकांची भानगड नाही. म्हणूनच ही मशिनं इतकी स्वस्त आणि इतकी चिवट असावीत.

नख्यांच्या टोकाशी घट्ट झालेला काळा थर होता. लिव्हर आणि दोन चाकं बेंझिनमध्ये धुतली, लाकडी काडीनं नख्या साफ केल्या, मोजून ग्रीस. रोटरच्या बॉल बेअरिंगला हातानं डोलवून पाहिलं, खेळ नाही. स्क्रू घट्ट. पुढच्या आठवड्यात मालकाच्या मनगटावर कळेल.

८ फेब्रुवारी

२८१३ उघडलं. बॅरलच्या (मेनस्प्रिंगच्या डबीच्या) आसापाशी काळी पेस्ट. हा तेलाचा मळ नव्हे, पितळेचा चुरा तेलात कालवलेला. बॅरल चिमट्यानं हळूच वर-खाली आणि आडवं ढकललं तर डुलतंय. पुढच्या चाकाचा पिव्हट (आसाचं टोक) भिंगाखाली काळवंडलेला आणि चरे पडलेला. हे धुऊन काही उपयोग नाही. बदल.

पण बदलायचं कशानं? एनएच३५ टाकावं असं सुचवणारे भेटतात, जणू सगळ्या घड्याळांची पोटं एकाच मापाची. एनएच३५ चा व्यास २७.४ मिमी आणि जाडी ५.३२, ८२१५ चा (२८१३ ची रचना त्याचीच) २६ मिमी आणि ५.६७. डायलचे पाय वेगळ्या जागी. काट्यांची छिद्रं तास, मिनिट, सेकंद या क्रमानं एनएच३५ ला १.५०, ०.९०, ०.२०, ८२१५ ला १.५०, १.००, ०.१७. ईटीए २८२४ या स्विस मशीनची आणखी निराळी: १.५०, ०.९०, ०.२५. मिनिट काटा सैल बसला तर काही दिवसांत घसरणार, सेकंद काटा घट्ट असला तर बसवताना नळी फाटणार. मशीन बदलताना डायल, काटे आणि होल्डर रिंगही बदलायची वेळ आली, तर आपण घड्याळ दुरुस्त करत नाही आहोत, जुन्या केसमध्ये नवं घड्याळ बांधतो आहोत. त्यात वाईट काही नाही, पण तो निर्णय वेगळा.

त्याच जातीचं नवं २८१३ मागवलंय.

११ फेब्रुवारी

मामांच्या ७एस२६ ला आजपासून हात. १९९६ मध्ये आलेलं मशीन, २१ खडे (झीज टाळायला बसवलेले कृत्रिम माणकाचे), ना हातानं चावी, ना सेकंद काटा थांबवायची सोय. दहा-पंधरा वर्षं कुणी तेलाचा थेंब न दाखवता चाललेली ७एस२६ दुर्मीळ नाहीत, आणि तेच या मशीनचं दुखणंही आहे. बंद पडत नाही म्हणून कुणी उघडत नाही, आणि सुक्या पिव्हटवर ते चालत राहतं, झिजत राहतं.

क्लिक (चावी मागे फिरू न देणारी खीळ) सोडवून चावी उतरवली. काटे काढले, डायल काढली. वाराच्या चकतीवरची बारीक सी-क्लिप उडू नये म्हणून वर प्लॅस्टिकचा पातळ कागद धरून काढली. कॅलेंडरच्या गाडीत प्लॅस्टिकचं चाक आहे. ते तीव्र द्रावणात टाकायचं नाही, बाजूला ठेवलं. बॅलन्स काढून पॅलेट फोर्क (एस्केपमेंटचा फाट्यासारखा भाग) बोटानं नाही, चिमट्यानं हलवून पाहिला: चावी उतरलेली असूनही सुटा डोलत नव्हता, तेल गोंदासारखं झालेलं.

गाडीच्या सगळ्या खड्यांत तपकिरी कडं. पिव्हट मात्र २० पट भिंगाखाली चकचकीत, सरळ. इथपर्यंत निकाल सर्व्हिसच्या बाजूनं. शेवटी बॅरल. आस फिरतो ते बॅरल ब्रिजचं (बॅरलला वरून धरणाऱ्या पट्टीचं) छिद्र किंचित लांबट झालेलं. मेनप्लेटकडचं छिद्र गोल आहे. म्हणजे बॅरल एका बाजूला कलंडतं आणि शेजारच्या भागाला घासतं. वर्षानुवर्षं सुकं चालल्याचा परिणाम.

नुसतं धुऊन तेल घातलं तर झोका पंचवीस-तीस अंशांनी वाढेल, सगळे खूश होतील, आणि कलंडलेलं बॅरल आपलं काम चालू ठेवील. छिद्रात बुश (नवी कडी) बसवणं हा या मशीनला न शोभणारा खर्च. मात्र ड्रॉवरमध्ये एक मेलेलं ७एस२६ आहे, बॅलन्सचा पिव्हट मोडलेला. त्याचा ब्रिज काढून पाहिला: छिद्र गोल, चकाकी शाबूत. स्वस्त मशीन बदललं की जुनं फेकायचं नसतं ते यासाठीच. पुढच्या चार दुरुस्त्यांचे सुटे भाग त्यातच असतात.

१२ फेब्रुवारी

भाग धुतले. पॅलेट फोर्क आणि बॅलन्स बेंझिनमध्ये, बाकीचे नेहमीच्या द्रावणात. पॅलेटचे खडे शेलॅकनं चिकटवलेले असतात आणि अल्कोहोल शेलॅक विरघळवतं, त्यामुळे आयसोप्रोपिल त्यांच्या जवळ नेलं नाही. बॅरल आतून उघडलं नाही, त्याच्या जागी मेनस्प्रिंगसकट नवं पूर्ण बॅरल.

संध्याकाळी मामांना फोन केला. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. हे घड्याळ ते आता रोज घालत नाहीत, आठवड्यातून एक-दोनदाच. "घालायला घेतो तेव्हा बंदच असतं रे. आधी हलवत बसा, मग वार लावा, तारीख लावा. क्राउननं चावी देता येईल असं काही बसवता येतं का? डायल मात्र हीच ठेव हं."

माझा सगळा विचार झिजेचा चालला होता आणि वापराचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. ७एस२६ रोज घालणाऱ्या माणसासाठी बनलेलं मशीन आहे. सर्व्हिस उत्तम झाली तरी मामांची अडचण जशीच्या तशी राहील. एनएच३६ मध्ये वार-तारीख आहे, हातानं चावी आहे, क्राउन ओढला की सेकंद काटा थांबतो, आणि डायल-काटे ७एस२६ चेच बसतात. चौदाला नवं मशीन मागवणार.

म्हणजे झीज फार नाही, दुरुस्ती शक्य, भाग हाताशी, तरीही बदल. माझ्या दोन फेब्रुवारीच्या नियमात ही सोय नव्हती.

१५ फेब्रुवारी

नवं २८१३ आलं. केसमध्ये टाकण्याआधी टाइमग्राफरवर: बीट एरर २.३. नवं म्हणजे निर्दोष असं धरून थेट बसवलं असतं तर काटे-डायल पुन्हा काढायची वेळ आली नसती खरी, स्टड कॅरियर (बीट एरर जुळवायचा भाग) मागूनही सरकवता येतो; पण केसबाहेर हे दहा मिनिटांचं काम. ०.४ वर आणलं. तेलही पाहिलं: एका खड्यात भरपूर, शेजारच्यात कोरडं. कोरड्या जागी ९०१० तेलाचा बारीक थेंब. बसवून झालं, बंद.

१६ फेब्रुवारी

७एस२६ जुळवलं. मामांच्या घड्याळात जाणार नसलं तरी अर्धवट ठेवणं पटेना. सावकाश फिरणाऱ्या, जास्त भार सोसणाऱ्या आसांना एचपी १३०० तेल, गाडीच्या वेगवान पिव्हटना ९०१०, पॅलेटच्या खड्यांच्या तोंडाला ९४१५. पॅलेट फोर्कच्या पिव्हटना काही नाही. तिथं तेल घातलं की झोका उलट कमी होतो. डायशॉकच्या (बॅलन्सला धक्क्यापासून वाचवणाऱ्या भागाच्या) त्या तीन पाकळ्यांच्या स्प्रिंगशी झगडण्यात जितका वेळ जातो तितका बाकी गाडी बसवायलाही जात नाही.

पहिला ठोका पडला की आपोआप हात थांबतो. डायल वर: अधिक २२, अँप्लिट्यूड २४६, बीट एरर ०.३. क्राउन खाली: २२३. आधी आडवं-उभं यातला फरक ३७ अंशांचा होता, आता २३. रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करणारी बारीक पट्टी) किंचित सरकवून अधिक ८ वर आणलं.

२० फेब्रुवारी

एनएच३६ आलं. सील नीट आहेत, खुणा बरोबर आहेत (या मशिनांच्या नकला सर्रास विकल्या जातात). पूर्ण चावीवर अधिक ११, अँप्लिट्यूड २६२, बीट एरर ०.२.

अडचण चकत्यांची. मामांच्या घड्याळाचा क्राउन चार वाजता, वार-तारखेची खिडकी तीन वाजता. आलेलं मशीन तीन वाजता क्राउन असलेल्या घड्याळांसाठीचं. ते तसंच टाकलं तर क्राउन चारवर नेताना मशीन केसमध्ये फिरतं आणि खिडकीत आकडा तिरका, अर्धा कापलेला येतो. जुन्या ७एस२६ वरच्या दोन्ही चकत्या काढून नव्यावर चढवल्या. त्यावरचा छापील मजकूर आधीच या कोनासाठी फिरवलेला आहे, शिवाय मामांना सवयीचे तेच वारांचे अक्षर दिसतील. डायलवर खाली बारीक अक्षरांत अजून ७एस२६ च लिहिलेलं आहे. ते तसंच राहणार.

स्टेम (क्राउनची दांडी) लांब येतो. जुन्यावरून माप घेऊन जरा जास्तच ठेवून कापला, मग कानशीनं थोडा थोडा. क्राउन चढवला, ओढून-ढकलून तिन्ही जागा तपासल्या.

हे सगळं करताना एक लक्षात आलं. "मशीन बदलणं म्हणजे झटपट" हे अर्धंच खरं आहे. काटे काढा, डायल काढा, धूळ झटका, काटे एकमेकांना न घासता बसवा, तारीख बरोबर बाराला बदलते का पाहा, गॅस्केटला (पाणी रोखणाऱ्या रिंगला) सिलिकोन ग्रीस लावा, पाण्याची चाचणी घ्या: हे सर्व्हिसमध्येही आहे आणि बदलातही आहे. वाचतं ते फक्त खोलणं, धुणं, तेल घालणं. कलेच्या दृष्टीनं मात्र रंजक तेवढंच, हेही खरं.

२१ फेब्रुवारी

कुणीतरी सिस्टिम५१ आणून दाखवलं, सर्व्हिस कराल का म्हणून. स्वॉचनं २०१३ मध्ये काढलेलं, ५१ भागांचं मशीन, मधोमध एकच स्क्रू, सीलबंद. इथं माझं मत विचारायची गरजच नाही, बनवणाऱ्यांनीच ठरवून टाकलंय. पॉवरमॅटिक ८० या दुसऱ्या एका मशीनच्याही काही आवृत्त्यांत रेग्युलेटरच नसतो, कारखान्यात लेझरनं जुळवणी होते. सर्व्हिस की बदल हा प्रश्न विचारता येणं हाही ७एस२६ आणि ८२१५ सारख्या मशिनांचा गुणच म्हणायचा.

२४ फेब्रुवारी

एनएच३५ च्या मालकाचा निरोप: रात्री काढून ठेवलं तरी सकाळी चालू असतं.

मामांचं घड्याळ पूर्ण चावी देऊन चोवीस तासांनी मोजलं: अधिक १५, अँप्लिट्यूड २३४. चालेल. बॅक कव्हरचं गॅस्केट चपटं झालंय, नवं आलं की पाण्याची चाचणी घेऊन मगच त्यांच्याकडे पाठवणार. सर्व्हिस झालेलं ७एस२६ मशीन होल्डरमध्ये, डबीवर तेल घातल्याची तारीख आणि "ब्रिज दुसऱ्याचा, बॅरल नवं" असं लिहून ड्रॉवरमध्ये. चकत्या नाहीत, त्यामुळे वार-तारीख नसलेल्या डायलखालीच जाईल.